कंबर-आधाराची खुर्ची: घरून शिकवण्याच्या एका शैक्षणिक वर्षानंतर

जाळीची पाठ, वरखाली सरकणारा कंबर-आधार आणि कमीजास्त उंचीची बैठक असलेली ही खुर्ची मी गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना घेतली. मी एका ऑनलाइन शाळेत माध्यमिक वर्गांना गणित शिकवते आणि कोथरूडमधील आमच्या घरातले जेवणाचे टेबल हेच माझे वर्गाचे व पेपर तपासण्याचे ठिकाण आहे. खुर्चीची किंमत १४ हजारांच्या घरात होती.

संध्याकाळपर्यंत कंबर भरून येणे पहिल्या काही आठवड्यांतच कमी झाले, हे आधी सांगितले पाहिजे. मात्र त्यासाठी कंबर-आधार नेमक्या जागी, म्हणजे कमरेच्या खोलगट भागात, आणावा लागला. खुर्ची आली तेव्हा तो बराच वर होता आणि पाठीला नुसता टोचत होता. माझी उंची ५ फूट १ इंच आहे. बैठक अगदी खाली घेतली तरी ती जमिनीपासून ४५ सेंटीमीटर राहते, त्यामुळे पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते आणि माणूस नकळत पुढे सरकून बसतो. एकदा पुढे सरकले की पाठीमागचा आधार कितीही महागाचा असो, त्याचा उपयोग संपतो. घरातला जेवणाचा पाट पायांखाली घेतल्यावर हा प्रश्न सुटला. टेबल ३० इंच उंच असल्याने टंकलेखन करताना खांदे वर चढत होते, म्हणून भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणून सुताराकडून कीबोर्डसाठी सरकती फळी बसवून घेतली. लॅपटॉप जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवला आहे. फळीचा खर्च खुर्चीच्या मानाने किरकोळ होता, पण मान आणि पाठ सरळ राहण्यात तिचा वाटा खुर्चीइतकाच आहे, असे माझे मत आहे.

सकाळी उठताना जाणवणारा ताठरपणा मात्र खुर्चीने तसूभरही कमी केला नाही. शाळेच्या इमारतीत शिकवताना आपण तासभरही एका जागी बसत नाही; फळ्यापाशी उभे राहणे, बाकांमधून फिरणे, तास बदलताना जिने चढणे हे सगळे घरी एकदम थांबते. खुर्ची कितीही चांगली असली तरी ती बसवून ठेवते आणि माझे दुखणे मुळात बसून राहण्याचेच होते. फिजिओथेरपिस्टनी तपासून व्यायाम आणि चालणे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत तिच्यामागे ठरावीक आजार वा इजा दाखवता येत नाही, हे वाचल्यावर एमआरआयचा आग्रहही मी सोडला. (पाय बधिर होत असतील, त्यांतली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर खुर्च्यांची चर्चा बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जावे.) आता दिवसातला एक तास मी स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने घेते. कुकरची शिट्टी मध्येच झाली की वर्ग हसतो, पण उभे राहिल्याने कमरेला खरोखर उसंत मिळते. टेकडीवर रोजचे फिरणे सुरू केल्यानंतरच सकाळचा ताठरपणा ओसरू लागला.

औषधांच्या दुकानात सहज मिळणारा कमरेचा पट्टाही मी खुर्चीबरोबर काही काळ वापरला. पट्टा बांधलेला असताना बरे वाटे, काढला की दुखणे जसेच्या तसे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही असे पट्टे नेमाने वापरू नयेत, असेच म्हटले आहे.

कागदावरचे पेपर तपासताना मात्र ही खुर्ची निरुपयोगी ठरते, कारण तेव्हा शरीर पुढे झुकते आणि पाठ टेकतच नाही. त्यासाठी टेबलावर ठेवायचे उतरते डेस्क अधिक उपयोगी पडते. उन्हाळ्यात जाळीमुळे पाठीला घाम येत नाही. चाकांत केस अडकतात, मोझॅकच्या फरशीवर ती करकरतात आणि डाव्या हाताच्या टेकणीचा स्क्रू सारखा सैल होतो.

उंची माझ्याइतकी असल्यास बैठकीची किमान उंची विचारल्याशिवाय खुर्ची मागवू नये. ती ४० सेंटीमीटरपर्यंत खाली येत असेल तर पाटाची गरज पडणार नाही, आणि दुकानात जाऊन निदान पंधरा-वीस मिनिटे बसून पाहता आले तर अधिकच चांगले.