पोर्शे ९११ (९९३): पाय उचलला तरी शेपूट शाबूत

९९३, म्हणजे पोर्शे ९११ची एक पिढी, ट्रॅकवर दिवसभर चालवली. तिच्या एअर-कूल्ड (हवेनं थंड होणाऱ्या) इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. माझं मन जिंकलं ते मागच्या सस्पेन्शननं.

आधीच्या ९११ना मागे सेमी-ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारे तिरके दांडे, असायचे. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची बाजू उचलली जाते, दांड्यांच्या जोडावरचे रबरी बुश दबतात आणि बाहेरच्या चाकाचं तोंड किंचित बाहेर वळतं. चाकाचा कोन अंशभर बदलला तरी पुरतो! त्यात इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, म्हणजे सुटलेलं शेपूट लंबकासारखं झोकात येतं.

९९३ला मल्टी-लिंक आहे, म्हणजे प्रत्येक मागचं चाक अनेक वेगवेगळ्या दांड्यांनी (लिंकनी) धरलेलं. पाय उचलल्यावर चाक उलट आत वळावं अशी लिंकची रचना. हीच कल्पना पोर्शेच्याच १९७७च्या ९२८ या मॉडेलमध्ये आधी आली होती.

तिसऱ्या गिअरमध्ये, लांबलचक उजव्या वळणात मी मुद्दाम पाय उचलला. पोटात गोळा आला होता. नाक आत वळलं, मागची बाजू वीतभर सरकली आणि तिथेच थांबली. स्टिअरिंग बोटभर सैल केलं, बस्स. मग तेच वळण सहा वेळा घेतलं, दरवेळी तेच उत्तर!

नाक मात्र हलकं, त्यामुळे ब्रेक वळणाआधीच उरकायचा. आणि जुनी घेणार असाल तर रंगापेक्षा आधी मागचे बुश आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्या. बुश ढिले असले तर ही सगळी करामत वाया.