८८ की ९८? जुन्या स्की निकालात काढताना

मार्चअखेर मी माझ्या स्की धार लावायला दिल्या होत्या. आणायला गेलो तर दुकानातल्या पोराने धार लावलीच नव्हती. "लावू कशाला? कड उरलीय कुठे?" असं म्हणून त्याने बोट ठेवून दाखवलं. बारा वर्षं कानस खाऊन पोलादी कड जुन्या विळीच्या पात्यासारखी सुतभर राहिली होती. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, तपासणीच्या यंत्रावर चढवायलाही त्याने नकार दिला. कंपनी ज्यांची जबाबदारी घेते त्या यादीतून ते मॉडेल बाद झालेलं, त्यामुळे काही झालं तर जबाबदारी दुकानावर. मी जोडी काखेत मारून घरी आणली आणि नव्याच्या शोधाला लागलो.

जुनी जोडी ७६ मिलिमीटर कंबरेची, १७० सेंटिमीटर लांब. कंबर म्हणजे बुटाखालची सर्वांत अरुंद रुंदी. ऑल-माउंटन, म्हणजे डोंगरावर सगळीकडे एकच चालावी अशा, स्कीची चर्चा याच आकड्यापासून सुरू होते आणि बहुतेकदा इथेच अडकते. ८८ घ्या, नाही ९४, नाही सरळ ९८. मी तो वाद तूर्त बाजूला ठेवला आणि गॅरेजमध्ये बसून जुनी जोडी उलटसुलट करून पाहिली. तुम्हीही पाहा, कारण दुकानदारापेक्षा ती तुम्हाला जास्त ओळखते. दोन्ही स्कींचे तळ एकमेकांवर ठेवले, तर मध्ये दोन बोटांची फट असायची, ती आता जवळजवळ बुजली होती. म्हणजे कमान बसली. कडेवरून नख फिरवलं तर बुटाखाली धार पार गोल, शेपटीकडे मात्र बरी होती. पुढच्या टोकांच्या वरच्या थराचे टवके उडालेले. कडेच्या या झिजेचा अर्थ काय हे मला तेव्हा नीट उमगलं नाही, पुढे उमगलं.

मी मूळचा सांगलीचा. तिशीपर्यंत बर्फ म्हणजे गोळ्याचा. एकतिसाव्या वर्षी डेन्व्हरजवळ राहायला आलो आणि शिकलो. आता वय ४६, उंची १७१, वजन ७०. गेल्या हिवाळ्यात १९ दिवस झाले. बहुतेक लव्हलँड या स्की केंद्रावर, कारण ते महामार्गावरच्या आयसेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशीच आहे, आणि काही विंटर पार्क या दुसऱ्या केंद्राच्या मेरी जेन बाजूला, जिथे मोगल, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांची रांग, संपता संपत नाही. या १९ दिवसांत घोट्याच्या वर ताजा बर्फ मिळाला तो तीन दिवस. खरी पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, पडते त्या शनिवारी अर्धं डेन्व्हर आय-७० महामार्गावर उभं असतं, आणि आपण वर पोहोचेपर्यंत ती तुडवून झालेली असते. जाहिरातीत छातीपर्यंत बर्फात बुडालेला माणूस पाहताना हा हिशेब डोळ्यांपुढे असू द्यावा.

चार जोड्या मनात धरल्या: जर्मनीच्या फोल्कलची केंडो ८८, इटलीच्या नॉर्डिकाची एन्फोर्सर ९४, स्लोव्हेनियाच्या एलानची रिपस्टिक ९६ आणि फ्रान्सच्या सालोमनची क्यूएसटी ९८. आकडे कंबरेचे. चारही ऑल-माउंटन म्हणून विकल्या जातात, पण पायात घातल्यावर चार वेगळ्या स्वभावाच्या निघतात.

फरकाचं मूळ दोन गोष्टींत आहे. एक रुंदी. रुंद स्की मऊ बर्फावर तरंगते. पण कड बुटाच्या मध्यापासून लांब गेल्यामुळे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लागतो, आणि कडक बर्फावर ती कड टेकवून धरायचं काम गुडघ्यावर येतं. ७६ वरून ९८ वर जाणं म्हणजे बावीस मिलिमीटर. कागदावर काहीच नाही, दुपारी तीन वाजता गुडघ्याला चांगलं कळतं. दुसरी गोष्ट धातू. टायटनाल या नावावरून टायटॅनियम वाटतं, पण तो खरा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याचा पातळ पत्रा लाकडी गाभ्यावर बसवला की स्की थरथरत नाही, वेगात शांत राहते. बदल्यात वजन वाढतं आणि स्की चालवणाऱ्याकडून काम मागते.

टोकं उचललेली असणं, ज्याला रॉकर म्हणतात, ते आता चौघींतही कमीअधिक आहे. ही कल्पना शेन मॅकॉन्की या स्कीपटूने रुजवली. त्याने पावडरमध्ये पाण्यावरच्या स्की वापरून पाहिल्या, आणि त्यातून २००२ साली व्होलांट कंपनीची स्पॅट्युला ही स्की आली. तुमची जुनी जोडी माझ्यासारखी रॉकर नसलेली असेल, तर नवी लांबी निवडताना हे लक्षात घ्या: उचललेलं टोक सपाट बर्फाला टेकत नाही, त्यामुळे १७० ची नवी स्की १७० च्या जुनीपेक्षा आखूड वाटते.

एप्रिलमध्ये डेमोच्या, म्हणजे वापरून पाहायला मिळणाऱ्या, जोड्या मिळाल्या. पहिल्या दिवशी सकाळी केंडो, अकराला एन्फोर्सर, जेवणानंतर रिपस्टिक असा क्रम लावला आणि फसलो. वसंतात सकाळी नऊचा बर्फ काचेसारखा गोठलेला असतो, बाराला वरचा थर सुटतो, दोनला खिचडी होते. प्रत्येक स्की आपापल्या वेळेला गुणी ठरली. आठवड्याने क्रम उलटा करून पुन्हा गेलो, आणि नशिबाने आदल्या रात्री वीतभर पडला होता. तुम्ही डेमो घ्याल तेव्हा एकच उतार ठरवा आणि सगळ्या त्याच तासाभरात फिरवा. डेमोची धार गेलेली असेल तर तीही बदलून मागा. नाहीतर तुम्ही स्की तपासत नाही, आधीच्या गिऱ्हाइकाने दगडावर घासलेली कड तपासता.

केंडो ८८ गोठलेल्या सकाळी पायात होती आणि दुसरं काही नको असं वाटलं. तिच्यात टायटनाल सलग पत्र्यासारखं नसून चौकटीसारखं, कडांच्या बाजूने बसवलेलं आहे. कडेचा वळसाही एका मापाचा नाही: टोकाशी आणि शेपटीशी मोठा, पायाखाली लहान. त्यामुळे एकाच स्कीवर लहान वळणही घेता येतं आणि लांबही. कड एकदा धरली की सोडत नाही. हाच तिचा गुण आणि माझ्यासाठी हीच अडचण. मोगलमध्ये शेपटी सोडून घसरून वळायला गेलो, तर ती वळण पूर्ण करूनच देणार. तेव्हा गॅरेजमधलं कोडं सुटलं. पायाखाली धार गोल आणि शेपटीला शाबूत, म्हणजे मी वळण शेपटीपर्यंत नेतच नाही. मध्येच घासून वेग मारतो. बारा वर्षं हेच केलंय. केंडो मला सुधारू पाहत होती. सुधारायला हरकत नाही, पण सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पैशाने?

एन्फोर्सर ९४ मध्ये टायटनालचे दोन पत्रे आणि नव्या पिढीत गाभ्याला रबरासारखा मऊ थर आहे. दुपारी तुडवून ढिगारे झालेल्या बर्फातून ती मालवाहू ट्रकसारखी सरळ गेली. ढिगारा आला हे पायाला कळतं, गुडघ्यापर्यंत पोहोचत नाही. शेपटी केंडोपेक्षा माफ करणारी. सत्तरऐवजी नव्वद किलोचा असतो, किंवा जोरात जायची हौस असती, तर शोध इथेच थांबवला असता. पण एका स्कीचं वजन, लांबीप्रमाणे, दोन किलोच्या आतबाहेर जातं, आणि मेरी जेनच्या तिसऱ्या फेरीला ती माझ्याने वळेना. दोष तिचा नाही, मांड्यांचा.

रिपस्टिक ९६ त्याच लांबीच्या आसपास पावणेदोन किलोच्या आत येते. धातूचे पत्रे नाहीत. लाकडी गाभ्यात कार्बनच्या बारीक नळ्या घातलेल्या आहेत. आणि हिला डावी-उजवी आहे! आतल्या कडेला कमान जास्त, बाहेरच्या कडेला टोक जास्त उचललेलं. आतली कड पकडते, बाहेरची अडकत नाही. खूण वर छापलेली असते, तरी पहिल्याच फेरीला मी उलट घातली आणि लिफ्टवर शेजारच्या आजोबांनी दाखवून दिलं. एलान तशी जुन्या खोडाची कंपनी. सगळ्या स्कींना आज जी बारीक कंबर दिसते, तिची सुरुवात करणाऱ्यांत त्यांची १९९३ ची एससीएक्स होती. मोगलमध्ये रिपस्टिक मनात आलं की वळत होती. झाडांमध्येही तसंच. गोठलेल्या उतारावर वेग वाढवला तर टोकं थोडी कुजबुजतात. केंडोची निःशब्द शांतता नाही.

क्यूएसटी ९८ बद्दल फार लिहीत नाही, कारण तिच्यावर अन्याय होईल. वीतभर ताज्या बर्फाच्या सकाळी तिने मला वीस मिनिटं तरुण केलं. टोकात कॉर्क घातलेला असल्याने थरथर कमी, वजन मधलं, स्वभाव खेळकर. पण माझ्या वर्षात असे तीन दिवस. उरलेल्या सोळा दिवसांसाठी ९८ ही माझ्या गुडघ्यांवर वाहायची पालखी.

तुमचा डोंगर वेगळा असेल, तर उत्तरही बदलेल. न्यू जर्सी किंवा बॉस्टनहून व्हरमाँटला जाणाऱ्यांनी ९० च्या वर जाऊच नये असं माझं मत. तिकडच्या बर्फाला बर्फ म्हणणं हा नुसता सौजन्याचा भाग, तो आइसच असतो. केंडोसारखी धातूची, अरुंद स्की तिथे सोनं आहे. कॅलिफोर्नियात बे एरियातून टाहोला जाणाऱ्यांना ओलसर, जड बर्फ मिळतो, ज्याला तिथले लोक सिएराचं सिमेंट म्हणतात. तिथे एन्फोर्सरसारखं वजन उपयोगी पडतं. म्युनिकहून आल्प्सला जाणारे दिवसभर यंत्राने सपाट केलेल्या पिस्टवर असतात, त्यांना ८८ सुद्धा चैनच. आणि पुण्याहून वर्षातून एकदा गुलमर्गला जाणाऱ्या मित्रांनो, विकत घेऊ नका. गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो आणि खालचा बराचसा उतार सपाट केलेला नसतो. तिथे ९८ किंवा त्याहून रुंद स्की हवी, ती भाड्याने घ्या, विमानाचं सामान वाचेल.

आता पैसे. नव्या हंगामातली नुसती स्की अमेरिकेत साधारण ७०० ते ८५० डॉलरला पडते, बाइंडिंग वेगळं. माझं जुनं बाइंडिंग स्कीवरच्या रुळावर बसणारं होतं, ते नव्या सपाट स्कीवर चालत नाही. तुमचं वेगळं, स्क्रूने बसवलेलं असलं, तरी ते यादीत आहे का हे आधी दुकानात विचारा, मगच ते वाचवायचा हिशेब करा. नवीन बुटांचे तळवे ग्रिपवॉक प्रकारचे, म्हणजे चालायला सोपे पडावेत म्हणून वळलेले, असतात. जुन्या बाइंडिंगमध्ये ते सुरक्षित बसत नाहीत. ब्रेकची रुंदीही पाहा: ९६ च्या स्कीला १०० ते ११० चा ब्रेक. बाइंडिंग किती जोराला सुटावं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे चालवता यावरून ठरतं. तिथे वय खरं सांगा. पन्नाशीनंतर तक्त्यात एक ओळ बदलते. आणि बूट सैल झाले असतील, तर सरळ सांगतो, आधी बूट घ्या. सैल बुटात कुठलीही स्की भाड्याचीच वाटते.

बऱ्याच मॉडेलांची बांधणी काही वर्षं तीच राहते आणि दरवर्षी फक्त वरचं चित्र बदलतं. त्यामुळे मे महिन्यात मागच्या रंगाची जोडी घ्यायला लाज वाटायचं कारण नाही. मी रिपस्टिक ९६ घेतली, १७२ लांबीची, केशरी सोडून कुठलाही रंग चालेल म्हटलं. बायकोने १८० घ्यावी का असं विचारलं. वेग आवडणाऱ्याने जरूर घ्यावी. मोगलमध्ये उरलेले आठ सेंटिमीटर मी कुठे ठेवू? केंडोची मात्र गोठलेल्या सकाळी अजून आठवण येते, आणि पुढच्या वर्षी धडे लावून शेपटीपर्यंत वळण न्यायला शिकलो, तर ती भाड्याने घेईन.

जुनी जोडी पावसाळी चपलांसारखी ठेवायचा विचार होता. हंगामाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, यंत्राने टाकलेल्या बर्फाची एकच पट्टी असते आणि खाली दगड. तिथे नवी नेववत नाही. पण यादीतून गेलेलं बाइंडिंग कुणी तपासून देत नाही. नुकतंच शिकायला लागलेल्या ऑफिसातल्या मित्राने मागितली, "फुकट देतोस तर दे की." त्याला दिली नाही. भाड्याच्या दुकानाचा पत्ता दिला, आणि पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जायचं कबूल केलं.