सरकणाऱ्या पेशीतला एमआरएनए बघायला फिश बरं की एमएस२?

लॅबमधल्या ज्युनिअरने विचारलं, फायब्रोब्लास्ट (जोडऊतक बनवणारी पेशी) सरकताना पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या बीटा-अ‍ॅक्टिनचा एमआरएनए (प्रोटीन बनवायला जीनवरून उतरवलेली प्रत) पुढच्या कडेला जमतो ते बघायला सिंगल मॉलिक्यूल फिश (थिजवलेल्या पेशीत एमआरएनएचा एकेक रेणू चमकवून बघणं) करू की एमएस२ (जिवंत पेशीत एमआरएनएला चमकणारी खूण लावून बघणं), आणि तो पार गोंधळलाय म्हणून लिहितोय.

मेहनतीत फिश सोपं. पेशी फिक्स करायच्या (रसायनाने आहेत तशा थिजवायच्या), त्या एमआरएनएला चिकटणारे बरेच छोटे चमकणारे प्रोब टाकून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी एकेक रेणू ठिपक्यासारखा दिसतो. जीनला हात लावावा लागत नाही. एमएस२ मध्ये आधी जीनमध्ये साधारण २४ हेअरपिन (आरएनएमध्ये वळून फास बनवणारे तुकडे) घाला, मग त्यांना धरणारं जीएफपीवालं (हिरवं चमकणारं) प्रोटीन पेशीत आणा, यात महिने जातात.

खर्चाचं म्हणाल तर प्रोबचा एक सेट खूप स्लाइडना पुरतो पण दर जीनला नवा घ्यावा लागतो.

खरा प्रश्न भरवशाचा आहे. अ‍ॅक्टिनचा पत्ता ३' यूटीआर (एमआरएनएच्या शेवटचा, प्रोटीन न बनवणारा भाग) मधल्या ५४ न्यूक्लिओटाइडच्या झिपकोडमध्ये असतो, झेडबीपी१ हे प्रोटीन तो ओळखतं, हेअरपिन घालताना तो बिघडला तर सगळंच वाया. शिवाय यीस्टमध्ये एमआरएनए तुटल्यावरही हेअरपिनचे तुकडे चमकत राहिलेले दिसलेत, हे विसरू नका. फिशमध्ये हा धोका नाही, पण चित्र थिजलेलं, एमआरएनए तिथे वाहून आला की तिथेच टिकून राहिला ते कळत नाही.

कुठे आणि किती एवढंच हवं असेल, किंवा रॅब१३ सारखे अजून जीन तपासायचे असतील तर फिश. एमआरएनए मायक्रोट्यूब्यूलवरून (पेशीतल्या वाहतुकीच्या नळ्यांवरून) धावतो का, कुठे थांबतो हे हवं असेल तर एमएस२च, पण त्याच पेशींवर एकदा फिश करून पडताळा.