ब्रिज माझ्या हातात होता, तरी एक्स-रेमध्ये तो दातांवर दिसत होता

तीन दातांचा माझा ब्रिज, म्हणजे मधल्या पडलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून पक्का बसवलेला जोड, ११ वर्षे जागेवर होता. एका रात्री चूळ भरताना तो अख्खा निघून आला; तडा नव्हता, दुखतही नव्हते. मी तो धुऊन डबीत ठेवला. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तो बसवण्याचा मूर्खपणा मी केला नाही, कारण त्या गोंदाने हिरडीला इजा होते आणि ब्रिज तिरका चिकटला तर पुढे तोही वाया जातो. झोपेत तो घशात जाऊ नये म्हणून रात्री नुसता अडकवूनही ठेवला नाही. हे सांगते ते एवढ्याचसाठी, की मी अगदीच अजाण नव्हते.

माझे नेहमीचे दंतवैद्य आठवडाभर नव्हते, म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात गेले. खुंट, म्हणजे कॅपखालचे घासून लहान केलेले दात, शाबूत असतील तर तोच ब्रिज साफ करून पुन्हा सिमेंटने बसवतात, हे मला ठाऊक होते आणि मी तसे म्हणालेही. त्यावर मला आडवे करून, डोळ्यांवर दिवा धरून, एक्स-रे काढण्यात आला आणि पडद्यावर दाखवून सांगण्यात आले की दोन्ही खुंट आतून किडले आहेत, शेजारचे दोन दात आधाराला घेऊन ५ दातांचा ब्रिज आजच्या आज सुरू केला नाही तर सगळेच गमवावे लागेल.

त्या एक्स-रेमध्ये दातांवर पांढऱ्याशुभ्र कॅप दिसत होत्या. धातू एक्स-रेमध्ये तसाच दिसतो. पण माझ्या दातांवर त्या क्षणी काहीच नव्हते. ब्रिज डबीत होता आणि डबी माझ्या मुठीत होती. तो एक्स-रे माझा नव्हताच. मला काहीतरी खटकले, मी बोट दाखवून विचारलेही. ‘मशीनमध्ये तसे दिसते’ एवढेच उत्तर मिळाले आणि मी मान डोलावली. तोंडात कापूस, अर्ध्या जबड्याला भूल, अशा अवस्थेत वाद घालून दाखवा, असे मला हसणाऱ्यांना मी म्हणते. पण खरे सांगायचे तर भूल नंतर दिली होती, मान मी आधीच डोलावली होती.

एकूण रकमेच्या ६० टक्के त्याच दिवशी आणि ४० टक्के ब्रिज बसवताना घेतले गेले. फलकावर ब्रिज पुन्हा चिकटवण्याची जी फी लिहिली होती, तिच्या बरोबर १८ पट पैसे मी मोजले. शेजारचे दोन निरोगी दात घासले गेले, आणि घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. एक्स-रेवर स्वतःचे नाव आणि तारीख पाहिल्याशिवाय तोंड उघडू नका.

२३ व्या दिवशी नवा ब्रिज हलू लागला. दाबला की कडेने लाळेचे बुडबुडे येत. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो सहज काढला: आत तात्पुरते सिमेंट होते. जुन्या खुंटांवर ना कीड होती, ना कीड काढून भरल्याची खूण. ब्रिज एका बाजूने सैल आणि दुसऱ्या बाजूने घट्ट असेल तर मात्र दिवस काढू नका. तिथे खरोखरच आत कीड वाढते.

तक्रारीचे काय झाले, तेही ऐका. दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या परिषदेने मूळ एक्स-रे मागितला. दवाखाना म्हणाला, संगणक बदलला, जुने काही उरले नाही. ग्राहक तक्रार कक्षाने सांगितले की उपचार चुकीचा होता हे परिषदेने आधी म्हणायला हवे. परिषदेने सांगितले की पैशांचा विषय त्यांचा नाही, ग्राहक कक्षाकडे जावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत आणा, असे दोघेही म्हणाले, आणि तोंडी ‘फसवलेच आहे हो’ म्हणणाऱ्या तिघा डॉक्टरांपैकी एकानेही कागदावर सही केली नाही. पोलीस ठाण्यात तर हवालदाराने माझे दात बघायचे आहेत का, असे शेजारच्याला हसत विचारले. ७ महिन्यांत ९ पत्रे पाठवली, ४ पोचपावत्या मिळाल्या, चौकशी शून्य. एक्स-रेची प्रत त्याच दिवशी, पैसे देण्याआधी मागा; नंतर ती कुणाकडेच नसते.

जुना ब्रिजही मी पहिल्याच दिवशी डबीसकट त्यांच्या टेबलावर ठेवला होता. तो परत मागितला तेव्हा, असा कोणताही ब्रिज आमच्याकडे आल्याची नोंद नाही, असे त्यांनी लेखी कळवले आहे. या प्रकरणात मला मिळालेला सही-शिक्क्याचा तेवढाच एक कागद आहे.