बायपासनंतर मसाज: काही महिन्यांचा अनुभव

बायपासनंतर छाती दुखणार हे सगळेच सांगतात. पाठ आणि मान त्याहून जास्त छळतील, हे मला कोणी बोललं नव्हतं. ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून बरगड्या कितीतरी वेळ फाकवून ठेवतात. तो ताण मागे, बरगड्या मणक्याला जोडलेल्या असतात तिथपर्यंत जातो. शिवाय घरी आल्यावर टाके जपायच्या नादात माणूस खांदे पुढे ओढून, पोक काढूनच वावरतो.

सर्जनना विचारून रिहॅबमधल्या (ऑपरेशननंतर पुन्हा उभं राहण्यासाठीच्या व्यायामवर्गातल्या) फिजिओथेरपिस्ट बाईंकडून मसाज सुरू केला. पालथं झोपणं शक्यच नव्हतं, हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. त्या मला खुर्चीवर बसवायच्या, समोरच्या टेबलावर उशा रचून त्यावर कपाळ टेकवायला लावायच्या. खांद्याच्या उजव्या पात्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढी गाठ धरली होती. ती रगडायची नाही, नुसता अंगठा ठेवून मला सावकाश श्वास सोडायला सांगायचं, ही त्यांची पद्धत. चार-पाच श्वासांत ती जागा ढिली पडायची.

दुखणं गेलं का? नाही. आराम त्या रात्रीपुरता, फार तर दुसऱ्या दुपारपर्यंत. पण त्या रात्री झोप लागायची, आणि सकाळी स्पायरोमीटरचा (खोल श्वास ओढून गोळे वर उचलायच्या यंत्राचा) तिसरा गोळा वर जायचा. पाठ आखडलेली असली की खोल श्वास घेववत नाही, खोकायचीही भीती वाटते, आणि कफ साठतो. माझ्या मते मसाजचा खरा फायदा इथे आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या इस्पितळाचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ११३ रुग्णांपैकी काहींना २० मिनिटांचा मसाज दिला, त्यांचं दुखणं, काळजी आणि ताण कमी झाला. पण ते सगळं इस्पितळातल्या पहिल्या काही दिवसांतलं. नंतरच्या महिन्यांबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

डाव्या छातीवरच्या बधिरपणावर आणि जळजळीवर मात्र शून्य उपयोग. बायपाससाठी छातीच्या आतली धमनी सोडवून घेतात, त्यात बारीक नसा दुखावतात. त्याला वेळच द्यावा लागला, मध्ये डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याची गोळीही दिली. व्रणाचं म्हणाल तर खपल्या पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांनी बघून हो म्हटल्यावर, बोटाने हलकं गोल गोल चोळायला लागलो. ओढल्यासारखं वाटायचं ते कमी झालं. रेघ आहे तशीच आहे.

बायपाससाठी शीर काढलेल्या पायाची पोटरी कुणालाही चोळू दिली नाही. त्या पायाला थोडी सूज असतेच, पण ती अचानक वाढली, पोटरी गरम किंवा लाल झाली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा मालिश नाही, थेट डॉक्टर. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या चालू असल्याने जरा जोर लागला तरी काळंनिळं व्हायचं, म्हणून 'दाबून द्या' म्हणायची सवय सोडली. एका हौशी नातेवाइकाने मसाज गन आणून दिली आहे, ती खोक्यातच आहे.

आता मसाज अधूनमधूनच घेतो. चालणं आणि खांद्यांचे व्यायाम सुरू झाल्यावर पाठीला मसाजची गरज आपोआप कमी झाली. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी मात्र पुन्हा घेईन, आणि ज्याने हृदयाचे रुग्ण हाताळलेत त्याच्याकडूनच. हाड हलल्यासारखं वाटलं, आतून कटकट आवाज आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर मसाजची वेळ रद्द करून आधी सर्जनना दाखवा.