पद्मिनी की ॲम्बॅसिडर? गोव्यात दोन्ही वापरून झालेलं मत

पद्मिनी माझी आणि ॲम्बॅसिडर मार्क 4 मामांची, त्यांना आता चालवायला झेपत नाही म्हणून ती पण फोंड्याला आमच्याकडेच असते. दोन्ही ऐंशीच्या दशकातल्या. वर्ष होत आलं आलटून पालटून वापरतोय, अख्खा पावसाळा पण त्यातच गेला.

कागदावर बघितलं तर ॲम्बी पुढे. 1489 सीसी विरुद्ध 1089, सरळ 400 सीसीचा फरक, पॉवर पद्मिनीची 40 च्या आसपास आणि ॲम्बीची पन्नासच्या. पण वजन बघा ना! पद्मिनी साधारण 900 किलो, ॲम्बी 1100 च्या वर, म्हणजे किलोमागे हिशेब केला तर दोघी जवळजवळ सारख्याच. बाणस्तारीहून पणजीकडे सपाट रस्त्याला तर मला पद्मिनीच जास्त चपळ वाटते.

फरक कळतो तो चोर्ला घाटात. बेळगावला जाताना केरी सोडलं की चढ लागतो, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, तिथे पद्मिनी तिसऱ्यावर दम सोडते, दुसरा टाकायचा आणि इंजिन ओरडत ओरडत वर न्यायचं. ॲम्बी त्याच वळणावर तिसऱ्यातच हळूहळू पण न अडखळता चढते, कारण खालच्या आरपीएमला तिची ओढ जबरदस्त आहे, ते जुनं मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातलं इंजिन त्यासाठीच चांगलं. एप्रिल-मे मध्ये पद्मिनीला अजून एक त्रास, घाटात गरम झाली की फ्युएल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकायचं, थोडा वेळ थांबायचं, परत चालू. फडकं आणि पाण्याची बाटली कायम गाडीत असते.

गिअर दोन्हीचे स्टिअरिंगलाच, चार स्पीड, आणि पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर करकर आवाज येतो. पद्मिनीचा लिव्हर हलका, दोन बोटांनी पडतो. ॲम्बीला मनगट लागतं.

ब्रेकबद्दल मात्र नीट वाचा. दोन्हीला चारही चाकांना ड्रम, आणि आपल्याकडे जुलैत रस्त्यावर पाणी साचतं त्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात आणि पुढचे एक-दोन ब्रेक लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. पाण्यातून बाहेर आलं की मागे कोणी नाही बघून हळू चालवत पेडल हलकं दाबून धरायचं, लायनर सुकले की पकड परत येते. इथे जड असल्यामुळे ॲम्बीची मला जास्त धास्ती वाटते.

बसायला ॲम्बीला तोड नाही. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची सजावट) सगळं सामान, नारळाचा घोस, केळ्यांचे घड आणि मागच्या सीटवर आई, काकू, आत्या, कोणाचा गुडघा कोणाला लागला नाही. 15 इंची चाकं असल्यामुळे खड्डे पण मऊ जातात. पण वाड्यावरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूला चिऱ्याची गडगी आणि समोरून बस आली की 4.3 मीटरची गाडी मागे घेताना घाम फुटतो. पद्मिनी जवळजवळ 40 सेंटिमीटरने लहान आणि वळते पण पटकन.

आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाइप खराब होतात म्हणून दोन्हीचे पाइप आणि पंपाचे डायफ्राम बदलून घेतले, तुम्ही पण घ्या, पेट्रोल गळलं तर खेळ नाही. स्पेअर शोधावे लागतात पण मिळतात, ॲम्बी 2014 पर्यंत बनत होती त्यामुळे तिचे जरा सहज.

एकच ठेवायची झाली तर मी पद्मिनी ठेवीन, रोजच्या फोंडा-पणजीला तीच मजा देते. मोठं कुटुंब आणि घाटाचा प्रवास जास्त असेल त्यांनी बिनधास्त ॲम्बी घ्या. मात्र किनाऱ्याजवळ राहिलेली गाडी असेल तर कुठलीही असो, आधी मॅटिंग उचलून फ्लोअर बघा, दरवाजाखालची पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा आणि मगच इंजिन चालू करायला सांगा. इंजिन कोणीही बांधून देईल, गंजलेला पत्रा कापून नवीन लावणारा चांगला माणूस मिळायलाच महिने जातात.