गड्ड्याच्या दिवसांत सोलापुरात खोली आरक्षित करताना

संक्रांतीच्या आगेमागे सोलापुरात मुक्कामाला येणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहीत आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे, म्हणजेच गड्ड्यामुळे, त्या दिवसांत लॉज आणि भक्तनिवासे भरून जातात. त्याच सुमारास, १२ जानेवारीला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो. १९३० च्या मार्शल लॉनंतर चाललेल्या खटल्यात शिक्षा होऊन १९३१ साली याच तारखेला त्यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. जागेची टंचाई आणि शहरातील अशा स्मृतिस्थळांविषयीचा आदर, या दोहोंवर ठगांनी आता धंदा मांडला आहे.

माझे आतोबा सैन्यातून निवृत्त झालेले, राहायला नाशिकला. चीन-जपान युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणारे आणि १९४२ साली अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच निधन पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे सोलापुरातील स्मारक पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. गड्ड्याला आमच्या घरी पाहुण्यांची रीघ असते, म्हणून आतेभावाने इंटरनेटवरील नकाशावर भुईकोट किल्ल्याजवळचे एक भक्तनिवास शोधले आणि तिथे दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा माणूस मोठ्या अदबीने बोलला. माजी सैनिकांना सवलत आहे असे सांगून त्याने खोल्यांची छायाचित्रे पाठवली आणि भाड्याखेरीज ‘किल्ला व स्मारक विशेष दर्शन परवाना’ म्हणून वेगळी रक्कम मागितली. असा कोणताही परवाना नसतो. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे आणि हुतात्म्यांचे पुतळे तर भर चौकात उभे आहेत. त्यांच्यापुढे हात जोडायला कोणी शुल्क घेत नाही.

पैसे पाठवताना मोबाइलवर संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव झळकले, तेव्हा ‘ते आमचे कॅशियर’ असे उत्तर मिळाले. पुढचा डाव अधिक घातक होता. रक्कम एक रुपयाने कमी आल्यामुळे पावती अडकली आहे, तेवढीच रक्कम पुन्हा भरा, आधीची आपोआप परत येईल, असे त्याने सांगितले. ती भरल्यावर परताव्यासाठी म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि पिन टाकायला लावला. यूपीआयचा पिन खात्यातून पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. तिसऱ्यांदाही पैसे गेलेच.

पावतीवर शिक्का होता, सही होती, किल्ल्याच्या बुरुजाचे चित्रही होते. पहाटे स्टेशनवरून रिक्षाने त्या पत्त्यावर पोहोचल्यावर समोर दिसले ते चादरींच्या गोदामाचे ओढलेले शटर. शेजारच्या चहावाल्याने आतोबांना बाकावर बसवले आणि अशाच पावत्या घेऊन याआधीही माणसे आल्याचे सांगितले. गाठोडे मांडीवर घेऊन थंडीत गप्प बसलेल्या त्या वृद्ध सैनिकाला पाहून माझा जो संताप झाला, तो अजून शमलेला नाही.

आम्ही लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बँकेलाही कळवले. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक) हाताशी असल्यामुळे शेवटची रक्कम समोरच्या खात्यात गोठवता आली, आधीच्या दोन्ही मात्र तोवर काढून घेतल्या गेल्या होत्या. नकाशावरील त्या नोंदीविरुद्धही तक्रार केली आहे, पण ती अजून हटलेली नाही. येत्या गड्ड्याला येणार असाल, तर आगाऊ पैसे पाठवण्याआधी सोलापुरातील कोणा ओळखीच्या माणसाला त्या पत्त्यावर प्रत्यक्ष जाऊन यायला सांगा.